भामनेरची वाट

चाकणहून खेडला, म्हणजे सरकारदप्तरी आता ज्याची नोंद राजगुरुनगर अशी आहे त्या कसब्याला, नाशिक रस्त्याने जायचे तर उणेपुरी बारा-तेरा किलोमीटरांची मजल आहे. आणि दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात, ज्येष्ठा गौरींच्या जेवणाच्या दिवशी, ती मजल मारायला आम्हांला पाच तासांहून अधिक काळ लागला. त्या पाच तासांपैकी बहुतेक वेळ आम्ही चाकण आणि खेड या दोहोंपासून सारखेच दूर, पश्चिमेच्या डोंगरांत, माझ्या मनाने निवडलेल्या एका वाटेवर होतो. ती वाट मी का निवडली आणि तिने आमचे काय केले हे सांगावे असे तेव्हापासून मनात आहे. आईपाशी अनेकदा बोललो, पण कागदावर उतरवण्याचा धीर आजवर झाला नव्हता.

माझी धाकटी बहीण खेडला दिली आहे. तिच्या सासरी उभ्याच्या गौरी असतात आणि त्या दिवशी माहेरचे माणूस पानावर असलेच पाहिजे असा त्या घरचा शिरस्ता आहे. सकाळच्या पंगतीला आम्हांला पोचता आले नव्हते, म्हणून निदान संध्याकाळची आरती आणि रात्रीचे पान तरी चुकू नये या हेतूने दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही चिंचवडहून निघालो: मी, माझी पत्नी आणि मागच्या आसनावर, मांडीवर गौरीच्या साडीचोळीची पिशवी धरून बसलेली, ब्याऐंशी वर्षांची आई. आईला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्धा तास तिला इन्शुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ही गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे तिच्याभोवती फिरते.

मोशी सुटली, इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि कुरुळीच्या अलीकडेच वाहनांचा प्रवाह थिजला. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी चौतीस वर्षे गेली. त्या काळात या रस्त्याने मी कितीदा गेलो-आलो याची गणती नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा चाकण हे नाव आमच्या तोंडी येई ते कांद्याच्या आणि बटाट्याच्या बाजारासाठी. पुढे शतक संपता संपता दुचाकींचा मोठा कारखाना तेथे आला, २००९ च्या सुमारास जर्मन मोटारींचे कारखाने उभे राहिले, त्यांच्यामागून सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहानमोठ्या उद्योगांनी महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, नाणेकरवाडी अशी एकेक गावे भरून काढली, आणि हे सारे ज्या दोन रस्त्यांच्या आधारावर झाले ते दोन रस्ते, म्हणजे पुण्याहून नाशिकला जाणारा आणि तळेगावाहून शिक्रापूरला जाणारा, चाकणच्या मध्यावर एकमेकांना छेदून जातात. जगाच्या बाजारात जाणाऱ्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, बंदराकडे निघालेले कंटेनर, पोलादाची भेंडोळी लादलेले ट्रक, सुटलेल्या पाळीची आणि भरणाऱ्या पाळीची माणसे वाहणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या, बाजारसमितीकडे निघालेले टेम्पो आणि रुग्णवाहिका, या सर्वांनी तेवढ्या एका चौकातून जावयाचे असते. त्या दिवशी माझ्या शेजारी एक बस अर्ध्या तासाहून जास्त वेळ एकाच जागी उभी होती. तिच्या काचेला डोके टेकून एक पोरगेला कामगार गाढ झोपला होता, आणि त्याच्या कपाळाचा घामट डाग काचेवर उमटला होता. पाळीचे आठ तास मोजून पगार मिळतो, या तासांचा मिळत नाही; आणि माणसाच्या आयुष्यातून वजा होताना मात्र दोन्ही तास सारखेच वजा होतात.

चाकणने माणसांना अडकवून ठेवण्याची ही पहिली वेळ नव्हे. १६६० च्या पावसाळ्यात शाएस्ताखान आपला अफाट लवाजमा घेऊन येथल्या भुईकोटापुढे येऊन बसला, तेव्हा हा मातीच्या गढीवजा किल्ला चार दिवसांत पदरात पडेल अशीच त्याची अटकळ असावी. पण किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर शिबंदीनिशी तो जवळजवळ दोन महिने लढवला, आणि भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हा कुठे मोगलांना आत पाऊल टाकता आले. आईला इतिहास ऐकण्याची आवड आहे. थांबलेल्या गाडीत मी तिला हे सांगत होतो आणि ती म्हणत होती, "आणि फिरंगोजीचं पुढं काय झालं रे?" त्या प्रसन्न संभाषणातच मला ती डावीकडची वाट सुचली.

आंबेठाण चौकाशी आम्ही पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. बहिणीचे दोन फोन येऊन गेले होते. पुढे तळेगाव चौकापर्यंत नुसती टपे दिसत होती, आणि डावीकडे आंबेठाणचा रस्ता मोकळा होता. फोनमधल्या नकाशावर आंबेठाण, करंजविहिरे, भामा-आसखेडचे धरण, मग उत्तरेकडे वळून पाईट आणि तेथून शिरोलीला परत नाशिक रस्ता, अशी एक निळी रेघ उमटत होती. ती लांब होती, पण वेळ कमी सांगत होती. एवढेच कारण असते तर मी आज स्वतःला इतके जबाबदार धरले नसते. खरे कारण निराळे होते. भामनेर पाहायची माझी जुनी इच्छा होती. सह्याद्रीच्या कुशीतून पूर्वेला उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांना आमच्या पूर्वजांनी फार गोड नावे देऊन ठेवली आहेत. पुण्याच्या दक्षिणेकडे ती मावळे झाली, उत्तरेकडे नेरे: भामेचे ते भामनेर, भीमेचे भीमनेर, मीनेचे मिन्नेर, कुकडीचे कुकडनेर. भाद्रपदातले नेर म्हणजे तेरड्याचा जांभळा आणि सोनकीचा पिवळा, पोटरीला आलेले भात आणि अंगावरून ढग वाहणारे डोंगर. आयुष्याची चौतीस वर्षे पत्र्याच्या छपराखाली गेलेल्या माणसाला त्या शब्दांनी भुरळ घातली. "आई, आडवाटेनं जाऊ या का? वाट छान आहे," असे मी विचारले, आणि "तुला ठाऊक असेल तर जाऊ," असे ती म्हणाली. मला ठाऊक नव्हती.

प्रारंभी सारे मनासारखे घडले. आंबेठाणच्या शिवारात स्वित्झर्लंडातली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी कोरडवाहू जमीन घेतली आणि तेथल्या तोट्याच्या शेतीतून शेतकरी संघटनेचा विचार उभा केला, हे मी पत्नीला सांगितले. भांबोली-वराळेच्या बाजूला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आणि त्यांच्यामागे भामचंद्राचा डोंगर दिसला. तुकोबांनी ज्या डोंगरावर एकांत शोधला त्याच्या पायथ्याशी आता रात्रंदिवस यंत्रे चालतात. पण त्या उतरत्या उन्हात डोंगर मात्र कशाचीही दखल न घेता आपल्या जागी स्वस्थ बसलेला होता आणि आईने गाडीतूनच हात जोडले. करंजविहिरे मागे पडले, कारखाने संपले, आणि एका वळणावर धरणाचे पाणी एकाएकी समोर आले.

मी गाडी थांबवली. सुमारे आठ टीएमसी पाणी साठवणारे ते धरण त्या दिवसांत काठोकाठ भरलेले होते. डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरल्या होत्या, त्यांच्या मधल्या खाचांत पाणी गावकुसापर्यंत शिरले होते, पलीकडच्या कड्यांवरून ओघळ लोंबत होते आणि ढगांच्या फटीतून आलेला उन्हाचा एक पट्टा पाण्यावरून हळूहळू सरकत चालला होता. पुण्याच्या पूर्वभागात नळाला येणारे पाणी ते हेच. ज्यांच्या जमिनी त्याखाली गेल्या त्यांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली तेही हेच. आम्ही तिघे जण बराच वेळ काही न बोलता उभे होतो. पावणेसहा वाजले. निळी रेघ सांगत होती की आणखी पस्तीस-चाळीस मिनिटांत खेड. पत्नी म्हणाली, "अहो, आईंचं इंजेक्शन आत्ताच देऊन टाकू का? पोचल्या पोचल्या पान वाढायला सांगू." मी हिशेब केला आणि हो म्हणालो. त्या एका होकाराइतका चुकीचा निर्णय मी माझ्या आयुष्यात दुसरा घेतलेला नाही.

पुढे एका ठिकाणी रस्ता फुटत होता. पाटी नव्हती, असलीच तर रानात दडली असेल. फोनची रेंज गेलेली होती आणि निळी रेघ पडद्यावर तशीच गोठून राहिली होती. उजवीकडचा फाटा चिखलाचा आणि अरुंद, डावीकडचा डांबरी आणि पाण्याच्या काठाकाठाने जाणारा. मी डावा घेतला. तोच रस्ता खोऱ्याच्या आत, वांद्रे गावाच्या दिशेने, म्हणजे खेडकडे पाठ करून जात होता, हे कळायला मला पाऊण तास लागला. कारण काठाचा प्रत्येक वळसा मागच्याहून रमणीय होता, आणि रमणीय रस्ता चुकीचा असेल अशी शंका मनाला चटकन शिवत नाही.

मग डांबर संपले. खडी पसरून ठेवलेली, पण दाबलेली नव्हती. साईडपट्टी पावसाने कातरून नेलेली होती. ढग उतरले आणि दहा पावलांपलीकडचे दिसेना. समोरून एक पिकअप गवताचे भारे लादून आली, आणि दोन्ही वाहने एका वेळी मावतील एवढी जागा कुठेच नसल्यामुळे मला गाडी मागे घेत घेत, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला नुसते पांढरे धुके अशा अवस्थेत, शंभर-दीडशे पावले जावे लागले. पत्नी खाली उतरून पावसात उभी राहिली आणि चाकाकडे पाहत हाताने खुणा करीत होती. तिच्या हाताच्या पंजाला सुटलेला कंप मला आजही आठवतो. पिकअपवाल्याने काच खाली करून विचारले, "कुठं निघालात?" खेडला, म्हणताच तो काही क्षण बोलला नाही. "पार उलटे आलात की. मागं फिरा. पर अंधाराचं बेतानं, वढ्याला पाणी चढलंय."

चाकणशी निगडित असलेली आणखी एक हकीकत या वेळी माझ्या मनात आली आणि ती मी आईला सांगितली नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यास मलिक-उत्-तुज्जार नावाच्या बहमनी सरदाराने चाकणला आपले ठाणे केले आणि तेथून तो कोकण जिंकायला निघाला. पराभूत झालेल्या शिर्के नावाच्या स्थानिक सरदाराने त्याला विशाळगडाकडे नेणारी जवळची वाट दाखवतो असे सांगून घनदाट अरण्यात नेले, आणि वाट चुकलेल्या, थकलेल्या त्या फौजेचा तेथे निःपात झाला. इतिहासकार फिरिश्त्याने ते अरण्य मोठ्या भयाने वर्णिले आहे. पूर्वी ते वाचताना मी मनोमन शिर्क्याच्या बाजूचा असे. त्या रात्री प्रथमच मला त्या परमुलखातल्या सैनिकांचे वाईट वाटले, ज्यांनी वाट निवडली नव्हती आणि जे केवळ विश्वासाने मागोमाग चालले होते. माझ्या मागच्या आसनावरही असेच एक माणूस होते.

येताना सहज ओलांडलेल्या ओढ्याच्या फरशीवरून आता गढूळ पाणी वाहत होते. किती खोल, ते दिव्यांच्या उजेडात कळत नव्हते. मी इंजिन बंद केले. साडेसात वाजून गेले होते. तेव्हाच पत्नीने मागे वळून हाक मारली, "आई," आणि उत्तर आले नाही. आईचे कपाळ थंड घामाने डबडबले होते, ओठ थरथरत होते, आणि मी विचारले तेव्हा तिने मला माझ्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारली. साखर उतरली होती. अशा वेळेसाठी पत्नीच्या पर्समध्ये नेहमी असणारी ग्लुकोजची पुडी सणाच्या गडबडीत दुसऱ्या पर्समध्ये घरीच राहिली होती. बिस्किटांचा पुडा आम्ही कुरुळीच्या कोंडीतच संपवला होता. पिशवीत साडी होती, खण होता, बांगड्या होत्या, केवडा होता. गोड असे काहीही नव्हते, कारण गोडधोड तर बहिणीच्या घरी तयार होते. ब्याऐंशी वर्षांचे शरीर साखरेवाचून किती वेळ तग धरते हे मला ठाऊक नव्हते. आणि जे ठाऊक नाही ते माणूस अंधारात सर्वांत वाईट रीतीने कल्पितो.

ओढ्याच्या अलीकडे, चढावर, एक दिवा दिसत होता. मी धावत गेलो. कुडाच्या पडवीचे, कौलारू घर, चुलीचा धूर, दारात सत्तरीची एक बाई उभी होती. मी धापा टाकत दोनच शब्द बोललो, "साखर द्या." तिने प्रश्न विचारले नाहीत. आत वळून तिने गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेतला आणि माझ्या आधी, अनवाणी, उतार उतरू लागली. गाडीपाशी येऊन तिने खडा तांब्यातल्या पाण्यात बोटांनी चुरला, आईचे डोके आपल्या खांद्याला टेकवले आणि लहान लेकराला पाजावे तसे घोटघोट पाजू लागली. "गिळा, आक्का. आजून एक घोट. हां, आस्सं." पंधरा-वीस मिनिटांनी आईच्या नजरेत ओळख परत आली. तिने आधी त्या बाईकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "आरती झाली का रे?" पत्नी तोंड फिरवून रडू लागली.

त्या घरात आम्ही तासभर होतो. बाईने आईला नाचणीची भाकरी आणि कालवण खाऊ घातले, आम्हांला काळा चहा दिला, ओले कपडे चुलीपाशी वाळत टाकले. आईला जरा तरतरी आल्यावर दोघींचे बोलणे सुरू झाले, आणि मी पडवीत बसून ऐकत होतो. आईने रस्त्याचा विषय काढला, फार वाईट आहे म्हणाली. बाई म्हणाली, "आता लई ब्येस हाय, आक्का. ह्यो रस्ता आमी चालून आणलाय." मला प्रथम अर्थ लागला नाही. मग लागला, आणि मी उठून आत गेलो.

१९८० च्या जानेवारीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भामनेरातल्या लोकांनी वांद्र्यापासून चाकणपर्यंत, चौसष्ट किलोमीटर, पायी मोर्चा काढला होता. मागणी कांद्याच्या भावाची नव्हती, कर्जमाफीची नव्हती. खोऱ्यातला रस्ता बारमाही करा, एवढीच ती मागणी होती. पावसाळ्याचे चार महिने हा सारा मुलूख तुटत असे. आजारी माणूस, अडलेली बाळंतीण, बाजारात न्यायचे भात, सारे चिखलापाशी अडत असे. या मोर्चाविषयी मी पूर्वी वाचले होते आणि ते एका चळवळीच्या इतिहासातले प्रकरण म्हणून विसरलोही होतो. ती बाई त्यात चालली होती. नवी सून होती, काखेत सहा महिन्यांचे मूल होते. "थंडी अशी व्हती, आन् पाय सुजल्याले. पर समद्या बाया निघाल्या म्हनून मी बी निघाले. माझी पयली पोरगी वाटंतच गेली व्हती, दवाखान्यात नेताना. डोलीतच." ती हे अगदी साध्या आवाजात, भाकरी थापता थापता, बोलली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

मी पुष्कळ वाचन केलेला, स्वतःला जाणता समजणारा माणूस, त्या दुपारी ज्या रस्त्याला आडवाट म्हणालो, तो त्या माणसांचा एकुलता एक रस्ता होता आणि तो त्यांनी चालून मिळवला होता. नकाशातल्या निळ्या रेघेला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. मला असावयास हवे होते. चाकणच्या कारखान्यांना रस्ते हवे झाले तेव्हा तजविजी झाल्या, जमिनी संपादित झाल्या, मसुदे हलले. कारखान्यांसाठी चौसष्ट किलोमीटर कुणाला चालावे लागले नाही. हे मी कारखान्यांचा द्वेष करून म्हणत नाही, माझे अन्न त्यांनीच दिले आहे. पण चाकणच्या चौकात खोळंबलेल्या कंटेनरची बातमी होते आणि ओढ्याच्या अलीकडे खोळंबलेल्या बाईची होत नाही, हे त्या पडवीत बसून मला फार लागले. आम्ही एका संध्याकाळपुरते जे सोसले ते तिने जन्मभर सोसले होते, आणि तरी तिच्या बोलण्यात आम्हांला उद्देशून एवढेही नव्हते की असल्या रात्री म्हाताऱ्या माणसाला घेऊन तुम्ही इकडे आलातच कशाला.

पाणी उतरल्यावर तिचा नातू मोटारसायकल काढून आमच्यापुढे निघाला. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटावर कामाला होता. पहिल्या पाळीसाठी रोज पहाटे साडेचारला घर सोडत असे, आणि सात महिन्यांचे कंत्राट संपायला दीड महिना उरला होता. फरशीपाशी त्याने गाडी उभी केली, चालत जाऊन पाण्याची खोली पायांनी पाहिली, मग टॉर्चने इशारा केला. रस्ता फुटतो त्या जागी आल्यावर तो चिखलाच्या फाट्याकडे वळला आणि पाईटपर्यंत आमच्यापुढे राहिला. तो सारा टापू चढउतारांचा आणि आंधळ्या वळणांचा आहे. पुढे २०२५ च्या ११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, पाईटजवळच्या कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेली बायकांनी भरलेली पिकअप तेथल्या घाटात उलटून खाली कोसळली आणि निदान दहा बायका मृत्युमुखी पडल्या. ती बातमी वाचली तेव्हा मी वर्तमानपत्र मिटून ठेवले आणि बराच वेळ कुणाशी बोललो नाही. त्या बायकांच्या गावाचे नाव दुसरे आहे हे पाहून मला सुटल्यासारखे वाटले होते, आणि तसे वाटल्याची शरमही तितकीच वाटली.

पाईटला त्याने गाडी बाजूला घेतली. मी पैसे काढले ते त्याने घेतले नाहीत. "काका, तुमच्या वळखीत कुठं परमनंट निघत आसंल तर सांगा," एवढेच तो म्हणाला, आणि मी गौरीच्या ओटीला आणलेल्या खणाच्या पुडक्याचा कागद फाडून त्यावर त्याचे नाव आणि क्रमांक लिहून घेतला. नंतर मी तीन ठिकाणी शब्द टाकला. अजून कुठे काही झालेले नाही.

खेडला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. बहीण दारात उभी होती. आरती तिने आमच्यासाठी थांबवून ठेवली होती. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आईने मात्र त्या दिवसापासून एक धोशा लावला. त्या घरी परत जायचे, आणि दिवसाउजेडी. कार्तिकात, पाऊस सरून ऊन कोवळे झाल्यावर, आम्ही गेलो. या वेळी ग्लुकोजच्या पुड्या तीन पिशव्यांत तीन होत्या. बहिणीकडे जायचे नव्हते, घाई नव्हती, चाकणचा चौकही फार अडला नाही. रस्ता फुटतो ती जागा आली तेव्हा मी खाली उतरून पाहिले. पाटी होतीच; रानवेलीने ती पुरती झाकून टाकली होती आणि आता पाने वाळल्यावर तिच्यावरचे एकच अक्षर वाचता येत होते. ज्या डाव्या फाट्याने मला तेव्हा अनंत वाटणारी यातना दिली होती तो त्या घरापर्यंत वीस-बावीस मिनिटांचा निघाला.

भाताची कापणी चालू होती. बाई खाचरात वाकलेली होती, आणि तिच्या पलीकडे नातूही विळा घेऊन होता. त्याचे कंत्राट संपले होते. गाडीचा आवाज ऐकून ती ताठ झाली, डोळ्यांवर हात धरून पाहू लागली, आणि आई बांधावरून माझा हात धरून सावकाश येताना दिसल्यावर ओळखून हसली. आईने पदराआडून साडी काढली, बांधावरच तिला बसवले, कुंकू लावले, ओटी भरली. बाई संकोचून पुनःपुन्हा हात पुसत होती. मग तिने विचारले, "ह्या खेपंला कुठनं आलात, आक्का? मागल्यावानी वाट चुकून न्हवं ना?"

"नाही गं," आई म्हणाली. "तुमच्या रस्त्यानं आलो."